एकाच रक्ताच्या दोघी

सोमवार, ५ फेब्रुवारी

या वहीची शिवण वाकडी गेली. गिऱ्हाइकाला देण्याजोगी राहिली नाही आणि एवढा कोरा कागद फेकायला जीव होईना, म्हणून मीच ठेवून घेतली. शिवण माझीच होती. ताई शिवायची तेव्हा असं कधी व्हायचं नाही, पण ताईच्या बोटांनी सुई सोडली त्याला बरीच वर्षं झाली.

ताई माझ्याहून काही मिनिटांनी मोठी. आम्ही जुळ्या, हुबेहूब. त्या काही मिनिटांच्या जोरावर तिने मला जन्मभर ‘ताई’ म्हणायला लावलं आहे. बाबांचं पुस्तकबांधणीचं दुकान आम्ही दोघींनी पुढे चालवलं. ती शिवायची, मी पुठ्ठे आणि कापड चढवायचे. मग बिट्टी झाली, ताईची मुलगी, आणि वर्षभरात ताईची बोटं सुजायला लागली. बाळंतपणाचा थकवा आहे म्हणून डॉक्टर गोळ्या देत राहिले. संधिवात हे नाव कळेपर्यंत बोटं वळून गेली होती. म्हातारपणी गुडघे झिजतात तो संधिवात नव्हे. यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं.

आज दुकानात एक संशोधक बाई आल्या. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत त्यांची प्रयोगशाळा आहे. ताईच्या डॉक्टरांनी आमचा पत्ता दिला. वेगवेगळ्या वंशांच्या, वेगवेगळ्या प्रदेशांतल्या लोकांना हे दुखणं कोणत्या जनुकांमुळे होतं, याचा त्यांचा अभ्यास आहे. त्यासाठी रक्त गोळा करतात. मी मनात त्यांचं नाव ‘रक्तवाल्या बाई’ ठेवून टाकलं.

“जनुकं अगदी एकसारखी, आणि एकीला दुखणं, दुसरीला नाही,” त्या म्हणाल्या. “अशी जोडी म्हणजे आमच्यासाठी सोनं.”

“ही सोनं,” ताई माझ्याकडे बोट करून म्हणाली. बोट माझ्याकडे वळलंच नाही, कपाटाकडे गेलं. “मी मोड.”

बाई हसल्या नाहीत. मला आवडल्या.

बुधवार, ७ फेब्रुवारी

ताई नाही म्हणते. “माझं रक्त माझ्या अंगात बरं आहे.”

“मग मी एकटी देते,” मी म्हटलं. तसा फोनही केला. रक्तवाल्या बाई म्हणाल्या, तसं करता येणार नाही. माझं रक्त वाचलं की ताईचंही वाचून झालं, दोघींचा मजकूर एकच. तेव्हा ताईने होकार दिल्याशिवाय त्या मलाही सुई लावणार नाहीत.

हे ताईला सांगितलं. ती म्हणाली, “आजवर किती जणांनी माझे हात उलटेपालटे करून बघितले. बघू का म्हणून विचारलं कुणीच नव्हतं.”

आणि तयार झाली. मी दोन दिवस तिच्या मागे लागले ते वाया गेलं नाही म्हणायचं.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

रक्त दिलं. प्रश्न पुष्कळ. आजी-आजोबा कुठले, त्यांचे आई-वडील कुठले, घरात कुणी सिगारेट ओढतं का, कुणाचे हातपाय वाकडे होते का. मी म्हटलं, नाही. ताई म्हणाली, “आत्याबाई? त्या हात कायम पदराखाली ठेवायच्या.” मला वाटायचं ती त्यांची ढब.

बाईंनी सांगितलं की आमच्यासारख्या हुबेहूब जुळ्यांतही, एकीला हे दुखणं असेल तर दुसरीला होण्याची शक्यता शंभरात पंधराच्या आसपास. बाकीच्यांना होत नाही. जनुकं वाट उघडून देतात, त्या वाटेने दुखणं येईलच असं नाही.

येताना मी ताईला सारखी हीच गोष्ट सांगत होते, की बघ, सगळं जनुकांवर नसतं. तिला धीर यावा म्हणून.

शनिवार, २ मार्च

ग्रंथालयाचं मोठं काम आलंय. जुने अंक, वर्षावर्षाचे बांधायचे. जुजबंदी शिलाई, म्हणजे आठ-आठ पानांचे जुज एकेक करून दोऱ्यात गुंफायचे. सकाळी बोटं जरा जड असतात. नवी कात्री घेतलीय, तिची मूठ लहान आहे. बदलून आणली पाहिजे.

गुरुवार, १४ मार्च

कात्री बदलली. फरक नाही. हवेत गारठा आहे, त्यामुळे असेल. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला की बरं वाटतं.

मंगळवार, १६ एप्रिल

आज निकाल समजला. दोघी गेलो होतो.

रक्तवाल्या बाईंनी कागद पुढे ठेवला पण त्यावरचा हात काढेनात. जगभर वापरला जाणारा एक तक्ता आहे. जनुकांतल्या खुणा त्यात घातल्या की दुखण्याच्या जोखमीचा आकडा निघतो. आमचा आकडा निघाला सरासरीपेक्षा कमी.

ताईने टेबलावर दोन्ही हात ठेवले. एकेक बोट बाहेरच्या बाजूला कललेलं, मनगटं फुगलेली. “कमी,” ती म्हणाली, आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बिट्टी लहान असताना तिला उचलून घेता यायचं नाही तेव्हासुद्धा मी ताईच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं.

“हा आकडा तुमच्यापुढे ठेवायची मला लाज वाटते,” बाई म्हणाल्या. “हा तक्ता ज्यांच्या रक्तावरून बनला, ते लोक वेगळे. त्यांच्यात जी एक खूण धोक्याची, ती आपल्या लोकांत जवळजवळ सापडतच नाही. आणि तुमच्यात जी आहे ती त्यांच्यात इतकी विरळ, की तक्त्यात तिला नीट वजनच मिळालेलं नाही. दुखणं तेच आहे. येतं मात्र वेगळ्या दाराने.”

“म्हणजे दुसऱ्याच्या मापाने माझा कपडा शिवलात,” ताई म्हणाली.

“हो.”

“आणि बसेना तेव्हा म्हणालात, कपडा बरोबर आहे, हिचं अंगच चुकलंय.”

बाईंनी मान खाली घातली. मग म्हणाल्या की म्हणूनच त्यांना इथल्या माणसांचं रक्त हवंय. आजारी आणि धडधाकट, दोन्हींचं. शेकडो घरांतलं. लोक दारातून परत पाठवतात. आम्ही मदत करू का?

“ही करेल,” ताई म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली.

ती गेल्यावर बाईंनी मला थांबवलं. माझ्या रक्तात त्यांना आपल्याच शरीरावर उलटणारी प्रतिपिंडं सापडली आहेत. ताईच्या रक्तात आहेत तीच. ती असली म्हणजे दुखणं झालं असं नाही, होईलच असंही नाही, पण दुखण्याच्या कितीतरी वर्षं आधी ती रक्तात दिसू शकतात. त्यांनी विचारलं, “सकाळी उठल्यावर हात आखडतात का?”

“नाही,” मी म्हटलं.

तरीही सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या म्हणाल्या. घेईन. ग्रंथालयाचं काम हातावेगळं झालं की घेईन. ताईला एवढ्यात सांगायचं नाही. तिने किती सोसलंय, त्यात हे कशाला. बाहेर आले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “पत्ता लिहून देत होते.” तिने विश्वास ठेवला.

शनिवार, २७ एप्रिल

घरोघर फिरतेय. आधी आमची गल्ली. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांनी रक्त दिलं आणि वर तासभर भाषण दिलं. शिंपीकाकांना भीती, की रक्त घेऊन लोक आपल्यासारखा दुसरा माणूस बनवतात. मी म्हटलं, “काका, तुमच्यासारखा दुसरा बनवायची कुणाची हिंमत आहे?” तेव्हा कुठे बाही वर केली.

पण औषधांच्या दुकानामागच्या घरात वेगळंच झालं. तिथल्या बाईंनी दार अर्धंच उघडलं. “आमच्या घराण्यात असलं काही नाही.” आतून कुणीतरी हाक मारली, पाणी दे म्हणून. “कोण आहे?” मी विचारलं. “सासूबाई. त्यांना उठवत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मुलीचं जमत आलंय हो. आमच्या रक्तात काय निघालं हे उद्या गावभर झालं तर? तुम्हाला काय, तुमची बहीण आधीच सगळ्यांना दिसते.”

मी सांगितलं की नावं कुणाला कळत नाहीत. तोवर दार लागलं होतं.

ताईला हे सांगितल्यावर म्हणाली, “चूक नाही त्यांची. लोक रक्तावरूनच तर माणसं नाकारतात.”

गुरुवार, ९ मे

ताईला हल्ली खूप बरं वाटतंय बहुतेक. सकाळी माझ्या आधी उठते. मी उठते तोवर पातेलंभर पाणी गरम करून न्हाणीघरात ठेवलेलं असतं. इतकं कशाला म्हटलं तर म्हणते, मलाच लागतं, त्यात तूही हात बुडव, वाया जायला नको. गरम पाण्यात हात धरले की खरंच मोकळं वाटतं.

काल तिने सगळ्या बाटल्यांची झाकणं सैल करून ठेवली. नवीन औषधाचा गुण असावा.

रविवार, १९ मे

घरात मोठं भांडण झालं. बिट्टी आता कॉलेजात आहे, वयात आलेली मुलगी, तिला वाटलं ते ती बोलते. जेवताना म्हणाली, “मावशी, मलाही रक्त द्यायचंय. माझ्यात काय आहे ते मला बघायचंय.”

ताईने ताट सरकवलं. “काही नको.”

“का? तुम्ही दोघींनी दिलंत ना?”

“आम्ही अभ्यासाला दिलं. तुला भविष्य हवंय. ते त्यांच्याकडे नाही. त्यांच्याकडे अजून आमचा भूतकाळसुद्धा धड नाही!”

“मग मी काय, रोज सकाळी उठून बोटं मोजत बसू? आई, मला भीती वाटते गं. तुला वाटत नसेल. तुझं होऊन गेलंय.”

यावर ताई माझ्याकडे बघून ओरडली, “तू बोल ना काहीतरी! तू का गप्प?”

मी काय बोलणार? मी आणलेलं हे लचांड, म्हणून राग माझ्यावर. मी म्हटलं, बिट्टीने तिचं तिने ठरवावं. ताई म्हणाली, “खरं बोलायला जमत नसेल तर निदान शहाणपणा नको शिकवूस.” कशाबद्दल बोलत होती कोण जाणे.

मंगळवार, ४ जून

दुपारी शिकंज्यात गठ्ठा लावला होता. शिकंजा म्हणजे आमचा पुस्तकं दाबायचा लोखंडी दाब. वरचा दांडा फिरवून आवळायचा. मी दांडा धरला आणि फिरवला, तर हात फिरेना. दुसरा हात लावला. मनगटातून अशी कळ आली की दांडा सुटला आणि मी स्टुलावर बसले.

ताई पुठ्ठ्यांवर कागद पसरत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, “अजून किती दिवस कात्रीवर ढकलणार आहेस?”

मी मनगट पदराखाली घेतलं.

“तुला काय वाटलं, मी माझ्यासाठी पाणी तापवते? मला गरम पाण्याने काही होत नाही आता. माझे ते दिवस उलटले.”

“कधी कळलं तुला?”

“त्या बाईंच्या खोलीतून बाहेर आलीस तेव्हा. तुझा चेहरा माझाच आहे. मला तो वाचता येतो. त्याआधी तू कप दोन्ही हातांनी धरायला लागलीस तेव्हा शंका आली होती.”

“मग बोलली का नाहीस?”

ती माझ्यासमोर येऊन बसली. तिला स्टुलावर बसायला वेळ लागतो. बसेपर्यंत मी थांबले.

“तू सांगशील म्हणून थांबले,” ती म्हणाली. “आणि खरं सांगू? खोटं बोलायला नको आता. पहिल्यांदा शंका आली तेव्हा मला बरं वाटलं. क्षणभरच. इतकी वर्षं तुझे सरळ हात समोर बघतेय. माझेच हात, पण नीट. रोज समोर. वाटलं, चला, आता मी एकटी नाही. आणि मग स्वतःची इतकी किळस आली की जेवण जाईना.”

मी रागावले. हे लिहिताना कबूल करते, मला फार राग आला. इतकी वर्षं मी तिची वेणी घातली, तिची बटणं लावली, लग्न केलं नाही, आणि तिला बरं वाटलं. मी उठून खळीचं भांडं ढवळत उभी राहिले. ताई तशीच बसून होती. ढवळताना मनगट दुखत होतं आणि ते तिला दिसत होतं.

थोड्या वेळाने म्हणाली, “मी तुला वेणी घालायला कधी सांगितलं होतं गं? मी केस कापते म्हणाले होते. तू ऐकलं नाहीस.”

हे मात्र खरं आहे. तेव्हा मला वाटलं होतं की ती मला त्रास नको म्हणून म्हणतेय.

बुधवार, ५ जून

दुपारी ताई म्हणाली, “उद्याची डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुझी. ग्रंथालयाला फोन करून सांगितलं, उशीर होईल. आरडाओरडा करू नकोस.”

मी केला नाही.

गुरुवार, ६ जून

डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून पाहिला, यंत्राने आतली सूज पाहिली. झालंय म्हणाले. नुकतंच सुरू झालंय, हाडांना अजून काही इजा नाही. औषध आजच सुरू करू. सगळं थांबेल अशी हमी देत नाही, पण इतक्या लवकर सुरू केलं तर बऱ्याच जणांचे हात वाचतात.

मी लिहून घेत होते. कोणती गोळी आठवड्यातून एकदाच, रक्ततपासणी कधी. वर पाहिलं तर ताई खोलीत नव्हती.

बाहेर बाकावर बसली होती, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं माझ्यासाठी रडतेय. म्हटलं, “अगं, वाचतील म्हणाले हात.”

“तेच,” ती म्हणाली. “तेच तर. माझे पण वाचले असते.”

मी तिच्याशेजारी बसले. येणारी-जाणारी माणसं बघत होती, त्यांना बघू दिलं. बऱ्याच वेळाने तिने मानेनेच ‘चल’ म्हणून खुणावलं.

मंगळवार, १८ जून

बिट्टीला सांगितलं. दोघींनी मिळून. तिने आधी माझे हात हातात घेतले, मग तिच्या आईचे, आणि स्वतःचे मागे लपवले. लहान मुलांसारखे.

“आता मीच उरले,” म्हणाली.

“तुझ्यात आमचं निम्मंच आहे,” ताई म्हणाली. “निम्मं तुझ्या बाबांचं. ते शेवटपर्यंत जड पेट्या उचलत होते.”

“मावशी, मला होईल?”

होणार नाही असं पटकन म्हणून टाकायची मला सवय आहे. जिभेवर आलंही होतं. ताई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “माहीत नाही गं. आम्हाला नाही आणि त्यांनाही नाही. तुझे हात सकाळी आखडायला लागले तर त्याच दिवशी सांग. कात्रीला दोष देत बसू नकोस.”

ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली की अभ्यासासाठी रक्त देईन, पण माझ्यात काय निघालं ते मला सांगायचं नाही. विचारावंसं वाटेल तेव्हा मी विचारेन. ताईने तिला उलट प्रश्न केला नाही.

सोमवार, ८ जुलै

रक्तवाल्या बाई येऊन गेल्या. आमच्या भागातून पुष्कळ नमुने झाले, त्यांच्या अपेक्षेपेक्षा जास्त. मी विचारलं, नवा तक्ता कधी? बाई म्हणाल्या, वर्षं लागतील. असेच अभ्यास आणखी ठिकाणी व्हायला हवेत, प्रत्येक लोकसमूहात दाराच्या खुणा वेगळ्या. आमच्या हयातीत तो नीट तयार होईलच असं त्या सांगू शकत नाहीत.

मला वाटलं ताई काहीतरी तिखट बोलेल. ती म्हणाली, “होऊ द्या सावकाश. पण माप नीट घ्या.”

औषधाने मला मळमळतं. आठवड्यातला एक दिवस वाया जातो. सकाळचा आखडलेपणा मात्र कमी झालाय, हे खरं की मनाचे खेळ, अजून सांगता येत नाही. ग्रंथालयाचं काम दुसऱ्या बाइंडरकडे दिलं. देताना वाईट वाटलं. ताईने केस कापून घेतले. मानेपर्यंत. तिला छान दिसतात. हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली, “तुलाही दिसतील.”

गुरुवार, १ ऑगस्ट

आज दोघींची तपासणी एकाच दिवशी होती. रांग मोठी होती. नव्या नर्सबाई हातात फायली घेऊन बाहेर आल्या. आम्ही शेजारीशेजारी बसलेल्या, चेहरे तेच, आता केसही तेवढेच. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“तुमच्यातल्या पेशंट कोण?”

इतकी वर्षं या प्रश्नावर मी ताईकडे हात करायचे. ती बोलायच्या आत. आज माझा हात मांडीवरून हललाच नाही.

“दोघी,” ताई म्हणाली.

नर्सबाईंनी दोन फायली वेगळ्या केल्या आणि बसा म्हणाल्या, वेळ लागेल. ताई बाकावर माझ्या बाजूला सरकली. मला तिचा हात धरावासा वाटला, पण आज तिला मनगटं खूप ठणकत होती, म्हणून धरला नाही. खांद्याला खांदा लावून बसलो. आत आधी मला बोलावलं. मी उठले तर तीही उठायला लागली. तिला वेळ लागतो. ती नीट उभी राहीपर्यंत मी दारात थांबले.